मुख्याध्यापकांनी पाठ पाहिल्याने शिक्षकांचे अध्यापन खरोखर सुधारते का?

माणकाठ (प्रश्न)

नमस्कार. १९ वर्षे उपशिक्षक म्हणून काम केल्यानंतर गेल्या जूनमध्ये मी पदोन्नतीने जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या एका शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो. पट २१२ आहे आणि माझ्याखेरीज सात शिक्षक आहेत. पगारबिले, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती यांतच दिवस घालवणारा मुख्याध्यापक व्हायचे नाही, वर्गात काय शिकवले जाते याकडे स्वतः लक्ष द्यायचे, असे मी पहिल्याच आठवड्यात ठरवले होते. प्रशिक्षणातही ‘शैक्षणिक नेतृत्व’ हा शब्द वारंवार कानावर पडला होता आणि तो मला मनापासून पटला होता.

त्याप्रमाणे जून ते नोव्हेंबर या काळात मी ३४ पाठांचे निरीक्षण केले. प्रत्येक वेळी मागच्या बाकावर बसून पूर्ण तासिका पाहिली आणि लॉगबुकात शेरा लिहिला. काल ते लॉगबुक सलग वाचून काढले. ‘टाचण (पाठाची लेखी पूर्वतयारी) अद्ययावत ठेवावे’, ‘फलकलेखन सुवाच्य’, ‘शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा’, ‘मागे बसलेल्या विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यावे’, हीच चार-पाच वाक्ये सर्व नोंदींमध्ये फिरून फिरून आली आहेत. शिक्षकांनी सह्या केल्या, टाचणे पूर्ण झाली, पण शिकवणे होते तसेच राहिले. चौथीच्या ज्या मुलांना सप्टेंबरमध्ये हातच्याची वजाबाकी येत नव्हती, त्यांतील बहुतेकांना ती नोव्हेंबरअखेरही येत नव्हती. घराजवळची शाळा सोडावी लागू नये म्हणून पदोन्नती नाकारलेल्या आमच्या एक ज्येष्ठ शिक्षिका पूर्वी मधल्या सुट्टीत सर्वांबरोबर डबा खायला बसत असत. आता त्या आपल्या वर्गातच बसतात. त्यांना मी काही कठोर बोललो नाही, परंतु त्यांच्या पाठाबद्दल मी लिहिलेला शेरा त्यांना लागला आहे, हे मला कळते.

माझे म्हणणे असे की, मुख्याध्यापकाच्या शैक्षणिक नेतृत्वाचा शिक्षकाच्या कामावर परिणाम होतो असे सगळीकडे सांगितले जाते, मग तो माझ्या शाळेत का झाला नाही? पाठनिरीक्षण थांबवावे, की वेगळ्या रीतीने करावे? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त केंद्रप्रमुख

सर, तुम्ही लॉगबुक स्वतः वाचून पाहिले, हे फार कमी जण करतात. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, म्हणून ११ वर्षे जे शेरे लिहिले ते तुमच्यापेक्षा निराळे नव्हते, म्हणून मला पुढे जे उमगले तेवढेच लिहितो.

तुमचे चारही शेरे शिक्षकाच्या हालचालींविषयी आहेत. मुलाच्या डोक्यात काय चालले होते, याविषयी त्यांत एक अक्षर नाही. वजाबाकीचेच उदाहरण घेऊ. आमच्या केंद्राच्या एका शिक्षण परिषदेत मी नेहमीचे विषयपत्र बाजूला ठेवले आणि शिक्षकांना सांगितले की प्रत्येकाने चौथीच्या मुलांच्या वह्या घेऊन याव्यात आणि त्या वह्यांत ४०३ वजा १७८ हे एकच उदाहरण सोडवलेले असावे. वह्या समोर मांडल्यावर दिसले की चुकलेल्या मुलांची उत्तरे प्रामुख्याने दोनच होती. काहींनी ३७५ लिहिले होते आणि काहींनी २३५.

३७५ लिहिणारे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, आठातून तीन, सातातून शून्य, चारातून एक. आपण एका पूर्ण संख्येतून दुसरी संख्या काढून घेत आहोत, हेच त्याच्यापर्यंत पोचलेले नाही. २३५ लिहिणारे मूल मात्र बरेच पुढे गेलेले आहे. शतक मोडून दहा दशक करायचे, त्यातला एक दशक एककांना द्यायचा, हे त्याला येते. दिल्यानंतर दशकाच्या घरात दहा नव्हे तर नऊ उरतात, एवढेच ते विसरते. पहिल्या मुलाला काड्यांचे गठ्ठे हातात द्यावे लागतात. दुसऱ्याला बहुधा एक गठ्ठा सोडून ‘आता किती उरले?’ एवढे विचारणे पुरते. आम्ही मात्र दोघांनाही ‘शेजाऱ्याकडून उसना घे’ हेच वाक्य वर्षानुवर्षे ऐकवत होतो आणि दोघांच्याही वहीवर सारखीच लाल फुली मारत होतो.

त्या दुपारी शिक्षक जेवढे मोकळेपणाने बोलले, तेवढे माझ्या कोणत्याही शाळाभेटीत बोलले नव्हते. कारण चर्चा शिक्षकावर नव्हती, वहीवर होती. शेजारच्या शाळेतील गुरुजींच्या वर्गातही ३७५ आहे हे दिसल्यावर कोणाला लपवण्यासारखे काही उरले नाही.

आणखी एक आठवण विषयाला धरूनच सांगतो. ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल अनुभवातून स्वतःच ज्ञान रचते या विचाराची, चर्चा राज्यात जोरात होती त्या वर्षांत सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट या शाळागटातील शाळा पाहण्यासाठी ठिकठिकाणांहून शिक्षक जात असत. आमच्याकडूनही गट गेले. परत आल्यावर अनेक शाळांनी वर्गातील फरशीवर तक्ते रंगवून घेतले. रंग लगेच उचलता आला, परंतु एखाद्या मुलाला अमुक गोष्ट का येत नाही, यावर शिक्षकांनी आपसांत नेमाने बोलत राहणे आम्हाला तितके उचलता आले नाही. मुख्याध्यापकाचे काम त्या बोलण्याला जागा आणि वेळ करून देण्याचे आहे, असे माझे मत झाले आहे. निरीक्षण थांबवू नका, पण आधी वह्यांपासून सुरुवात करा.

शोधयात्री

मी शिक्षणशास्त्रात संशोधन करते. ‘परिणाम होतो असे सगळीकडे सांगितले जाते’ या वाक्याविषयी लिहिते, कारण ते अर्धेच खरे आहे आणि उरलेले अर्धे तुमच्या उपयोगाचे आहे.

शैक्षणिक नेतृत्व ही कल्पना १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पुढे आली. गरीब वस्तीतील ज्या शाळांत मुले चांगली शिकत होती, त्यांचे मुख्याध्यापक अध्यापनात स्वतः लक्ष घालणारे आढळले. १९८५मध्ये फिलिप हॅलिंजर आणि जोसेफ मर्फी यांनी या कामाची मांडणी तीन भागांत केली, शाळेचे ध्येय ठरवणे, अध्यापनाच्या कामाचे व्यवस्थापन करणे आणि शिकण्यास पोषक वातावरण निर्माण करणे. त्यांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते आणि आपल्याकडील अनेक प्रबंधांचा पाया तीच आहे.

या प्रबंधांच्या निष्कर्षांबाबत मात्र सावध राहावे, असे मला वाटते. ‘मुख्याध्यापकाचे नेतृत्व आणि शिक्षकाची कामगिरी यांत धन सहसंबंध आढळला’, म्हणजे एक वाढले की दुसरेही वाढलेले दिसले, हे वाक्य त्यांत हमखास असते. परंतु पुष्कळदा मुख्याध्यापकाविषयीची प्रश्नावली आणि स्वतःच्या कामगिरीविषयीची प्रश्नावली तेच शिक्षक एकाच बैठकीत भरतात. शाळेत ज्याचे मन रमलेले आहे तो दोन्हीकडे चांगले गुण देतो, ज्याचे रमलेले नाही तो दोन्हीकडे कमी देतो, आणि सहसंबंध आपोआप दिसू लागतो. शिवाय मुख्याध्यापक चांगला म्हणून शिक्षक चांगले, की शिक्षक चांगले म्हणून मुख्याध्यापकाचे काम सोपे, हेही त्यातून ठरत नाही.

त्याहून भक्कम पुरावा दोन-तीन ठिकाणी मिळतो. २००८मध्ये न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वी झालेल्या २७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. मुख्याध्यापकाच्या वेगवेगळ्या कामांचा मुलांच्या शिकण्यावर किती परिणाम होतो, हे त्यांनी वेगवेगळे मोजले. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्या शिकण्यात स्वतः सहभागी होणे, या कामाच्या परिणामाचे मान (आकडा जितका मोठा तितका परिणाम जास्त) सर्वाधिक, ०.८४ आले. अध्यापनाचे नियोजन, समन्वय आणि मूल्यमापन यांचे मान ०.४२ होते. आकडे थोड्याच अभ्यासांवर उभे असल्यामुळे त्यांना फार घट्ट धरून बसू नये, पण त्यांचा क्रम बोलका आहे. इथे ‘स्वतः सहभागी होणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रशिक्षणाला शिक्षकांना पाठवून स्वतः कार्यालयात बसणारा मुख्याध्यापक त्यांत येत नाही.

दुसरा अभ्यास तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील मायामी-डेड परगण्यात सुमारे १०० शाळांच्या मुख्याध्यापकांबरोबर निरीक्षकांनी दिवसभर राहून त्यांचा वेळ कशात जातो, हे नोंदवले. जेसन ग्रिसम, सुझना लोएब आणि बेंजामिन मास्टर यांनी २०१३मध्ये तो प्रसिद्ध केला. अध्यापनाशी संबंधित कामांना मुख्याध्यापक जेमतेम १२.७ टक्के वेळ देत होते, आणि त्यातला मोठा भाग वर्गावर्गांतून धावती फेरी मारण्यात जात होता. जिथे शिक्षकाला प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यात वेळ गेला, तिथे मुलांची प्रगती अधिक दिसली. धावत्या फेऱ्यांचा संबंध मात्र उलटा आढळला, आणि जिथे त्या फेऱ्या शिक्षकांच्या विकासासाठी आहेत असे मानले जात नव्हते तिथे तो विशेष दिसला.

तिसरा अभ्यास मध्य प्रदेशातील आहे. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तेथील शाळा-सुधारणा कार्यक्रमाचा प्रयोगपद्धतीने अभ्यास केला. शाळांचे मूल्यांकन झाले, सुधारणेचे आराखडे तयार झाले, कागदावर सर्व काही नीट पार पडले. शाळेच्या कारभारात आणि मुलांच्या शिकण्यात मात्र फरक दिसला नाही. तुमची ३४ नोंदींची कहाणी एका शाळेपुरती नाही, एवढेच मला यातून सांगायचे आहे. पाहणे आणि लिहिणे या दोन गोष्टी घडल्या. पाहिल्यानंतर शिक्षकाबरोबर बसून पुढच्या तासिकेची आखणी करणे राहून गेले.

घाटमाथा

हे मी समोरच्या बाजूने, म्हणजे वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेच्या बाजूने लिहिते. १४ वर्षांच्या नोकरीत मी चार मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केले.

त्यांतील एका सरांनी मुलांसमोरच मला थांबवून माझ्या हातातला खडू घेतला आणि तोच भाग स्वतः शिकवायला सुरुवात केली. हेतू वाईट नसेलही. पण पुढचे कित्येक दिवस त्यांची पावले व्हरांड्यात वाजली की मी चालू असलेला प्रयोग सोडून पुस्तक उघडत असे, कारण पुस्तकातून शिकवताना चूक निघत नाही. ज्या दिवशी कोणी पाहणार असेल त्या दिवशी शिक्षक आपल्याला हमखास जमणारा पाठ घेतो. त्यामुळे तुम्ही पाहिलेल्या ३४ पाठांपैकी किती पाठांत शिक्षकाने आपली खरी अडचण तुमच्यासमोर येऊ दिली असेल, याचा विचार करावा अशी विनंती आहे.

दुसऱ्या एका शाळेतील मॅडम पाठ पाहायला येण्याच्या आदल्या दिवशी विचारत, “उद्या मी नेमके काय पाहू? तुम्हाला कुठे अडते आहे?” पहिल्यांदा मी काहीतरी वरवरचे उत्तर दिले. तिसऱ्या वेळी खरे सांगितले की, गटकार्य दिल्यावर प्रत्येक गटात एकच मूल काम करते आणि बाकीची बसून राहतात, पण शिकवण्याच्या ओघात नेमके कोण बसून राहते हे मला दिसत नाही. त्या दिवशी मॅडमनी पूर्ण तासिकाभर दोनच गटांकडे पाहिले आणि कोण किती वेळा बोलले, एवढेच एका चिठ्ठीवर रेघा मारून टिपले. ती चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली आणि लॉगबुकात त्याबद्दल काहीही लिहिले नाही. सात मुलींपैकी चार जणी एकदाही बोलल्या नव्हत्या. मला कोणी काही सुनावले नव्हते, तरी मी दुसऱ्याच दिवशी गटांची रचना बदलली.

त्याच मॅडम महिन्यातून एकदा माझा वर्ग स्वतः सांभाळत आणि मला पहिलीच्या बाईंच्या वर्गात बसायला पाठवत. वाचन कसे सुरू करून द्यावे हे मी तिथे शिकले. त्या बाईंनाही बरे वाटत असे, कारण त्यांच्याकडून कोणी शिकायला येण्याची ती पहिलीच वेळ होती. तुमच्या ज्येष्ठ शिक्षिकांविषयी वाचताना मला त्या बाई आठवल्या. सर, त्यांच्या वर्गात काय उणे आहे हे तुम्ही लिहिले आहे. त्यांना काय उत्तम येते, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का?

तालुक्याचा मुख्याध्यापक

मी अनुदानित माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. वरचे सर्व पटते, तरी दोन गोष्टी स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट वेळेची. आमच्याकडे मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने मिळते. १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार तसेच चालत आले आहे. त्यामुळे अनेकांच्या वाट्याला हे पद निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेली असताना येते, आणि त्यासाठीची तयारी कोणी करून घेतलेली नसते. रुजू झाल्यावर शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतील वेतन देयके, यू-डायस या शाळांच्या माहिती-नोंदणीची माहिती, संचमान्यता (पटानुसार शिक्षकांच्या पदांची मंजुरी), शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीच्या परीक्षेची व्यवस्था आणि न्यायालयीन प्रकरणे समोर उभी राहतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांव्यतिरिक्त अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे, परंतु शाळेच्या आतच जे माहिती भरण्याचे काम निर्माण होते त्याला या कलमाचा अडसर नाही. अशा स्थितीत वर्गासाठी वेळ मिळत नाही, तो राखून ठेवावा लागतो. मी मंगळवार आणि शुक्रवारची दुसरी व तिसरी तासिका माझ्या नावावर वेळापत्रकातच टाकली आहे. लिपिक, शिपाई आणि संस्थेचे पदाधिकारी यांना सांगून ठेवले आहे की त्या वेळी मी वर्गावर असतो. पहिले दोन महिने ते कोणी पाळले नाही, आता बहुतेक पाळले जाते.

याच मुद्द्याला जोडून सांगायचे तर, माझा विषय भूगोल आहे. दहावीच्या बीजगणिताच्या शिक्षकाला मी काय मार्गदर्शन करणार, ही अडचण माध्यमिक शाळेत खरी आहे. तिथे विषय समितीला आणि पर्यवेक्षकांना पुढे करावे लागते. मुख्याध्यापकाने सर्व विषयांचा जाणकार असण्याचा आव आणला तर शिक्षक ते पहिल्याच मिनिटाला ओळखतात.

दुसरी गोष्ट मतभेदाची आहे. घाटमाथा यांच्या मॅडमनी लॉगबुकात लिहिले नाही, हे त्या प्रसंगी योग्यच होते. पण वर्गावर सातत्याने उशिरा जाणारा, तासिका न घेणारा एखादा शिक्षक असतो, आणि त्याच्याबाबत लेखी नोंद नसेल तर मुख्याध्यापक काहीही करू शकत नाही; मुलांचे वर्ष मात्र जाते. म्हणून मी दोन वह्या ठेवतो. लॉगबुक कार्यालयाचे आहे आणि त्यात उपस्थिती, अभ्यासक्रमाची पूर्तता, तासिकांचे पालन हेच लिहितो. पाठावरील चर्चेची वही त्या त्या शिक्षकाची असते आणि त्याच्याच कपाटात राहते. गोपनीय अहवाल लिहिताना मी ती मागत नाही, हे मी सहविचार सभेत सर्वांसमोर सांगितले आहे. शिक्षकांना त्यावर विश्वास बसायला एक पूर्ण वर्ष लागले, कारण पहिला अहवाल हातात पडेपर्यंत कोण कशाला विश्वास ठेवेल?

डोंगरवाडी

आमची शाळा द्विशिक्षकी आहे, पट ३१ आणि मी प्रभारी मुख्याध्यापक. माझ्याकडेच तीन इयत्ता असल्यामुळे सहकाऱ्याचा पाठ पाहायला जाणे अशक्य आहे. वह्यांची कल्पना मात्र आम्हाला जमण्यासारखी आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर दोघे मिळून अर्धा तास दहा वह्या पाहू असे आज ठरवले. केंद्रप्रमुख सरांचे आभार.

माणकाठ

सर्वांना मनापासून धन्यवाद. उत्तरे वाचून लगेच लिहिण्याऐवजी दोन आठवडे काही करून पाहिले आणि मग लिहीत आहे.

चौथीच्या शिक्षकांना बरोबर घेऊन ४०३ वजा १७८ हे उदाहरण दिले. २८ मुलांपैकी ९ जणांनी ३७५ लिहिले, ६ जणांनी २३५ आणि एका मुलीने ५८१ लिहिले, म्हणजे तिने बेरीज केली होती. वह्या पाहताना शिक्षक स्वतःच म्हणाले की हे दोन गट त्यांनी आजवर एकच समजले होते. त्यांनी वर्गासाठी काड्यांचे गठ्ठे बांधले. मी पुढचा पाठ पाहिला नाही. एका गटाजवळ बसून मीही मुलांबरोबर गठ्ठे सोडले. शून्य असलेल्या घरातून हातचा कसा घ्यायचा हे काड्यांनी समजावताना माझीच दोनदा गफलत झाली आणि शिक्षकांनी ती सुधारली.

ज्येष्ठ बाईंकडे मी मधल्या सुट्टीत त्यांच्या वर्गात गेलो आणि माझ्या शेऱ्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. नंतर घाटमाथा यांनी सुचवलेला प्रश्न विचारला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दुसरीची मुले स्वतः गोष्ट रचून सांगतात, ते एकदा येऊन ऐका.” मी सोमवारी गेलो. एका मुलाने आपल्या शेळीची गोष्ट सलग सहा-सात मिनिटे सांगितली. बाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, फक्त तो अडखळला की “मग?” एवढेच म्हणत. पाचवीच्या शिक्षिका पुढच्या आठवड्यात त्यांच्या वर्गात बसणार आहेत, तेव्हा पाचवीचा वर्ग मी घेईन.

एक शंका उरते. शिक्षकाची वही त्याच्याच कपाटात ठेवायची हे मला मान्य आहे, परंतु भेटीला येणारे अधिकारी पाठनिरीक्षणांची संख्या विचारतात आणि लॉगबुकात नोंदी पाहतात. नोंदी कमी दिसल्या तर निरीक्षण झालेच नाही असा अर्थ काढला जाईल. याला काय करावे?

निवृत्त केंद्रप्रमुख

लॉगबुकात तारीख, इयत्ता, घटक आणि ‘पाठानंतर शिक्षकांशी चर्चा झाली, पुढील कृती ठरली’ एवढी एक ओळ लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. संख्या विचारणाऱ्याला संख्या मिळेल. कोणी अधिक खोलात विचारले, तर चौथीच्या त्या २८ वह्या दाखवा, नोव्हेंबरची पाने आणि आताची पाने शेजारी शेजारी ठेवून. मी भेटीला आलो असतो तर मला तेच पाहायला आवडले असते. आणि ५८१ लिहिणाऱ्या मुलीला उदाहरण मोठ्याने वाचायला सांगून पाहा. तिची अडचण बहुधा वजाबाकीची नसून चिन्ह वाचण्याची असेल.